कातळावरचे वळण

गेल्या वर्षी दिवाळीला आठवडा राहिला होता. सहामाहीचे पेपर तपासून झाले होते आणि मी ओटीवर बसून आकाशकंदिलासाठी बांबूच्या काड्या तासत होतो. इतक्यात आमचा पुतण्या घामाघूम होऊन अंगणात आला. "मोठेकाका, जरा वर सड्यावर चला. गाडी मोडली," एवढेच म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाटही न पाहता माघारी वळला.

पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. राजापूर तालुक्यातले आमचे घर एकच. पण चौदा वर्षांपूर्वी माजघरातून एक भिंत वर गेली आणि घराला दोन उंबरठे झाले. भाऊ आणि मी बोलत नाही असे नव्हे. पाऊस किती झाला, पाण्याचा पंप आज कोणी लावायचा, इतपत बोलतो. पुतण्या मात्र दोन्ही उंबरठे सारख्याच हक्काने ओलांडतो. भिंत झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मोठ्यांच्या भांडणाला लागणारी स्मरणशक्ती त्या वयात नसते, हे त्याचे भाग्य आणि थोडेफार माझेही.

त्याची गाडी म्हणजे ज्याला एटीव्ही म्हणतात ते वाहन. अलिबागकडच्या किनाऱ्यांवर सहलीला गेलेल्या वाचकांनी ते वाळूत धावताना पाहिले असेल. मोटारसायकलीसारखे हँडल, वर बसायची पद्धतही तशीच; पण खाली चार ठेंगणी, फुगीर चाके. आमच्या गावची मुले तिला 'बेडूकगाडी' म्हणतात. किनाऱ्यावरच्या बहुतेक गाड्यांची मागची दोनच चाके ओढतात. ही मात्र चारी चाकांनी ओढणारी आहे. एका फार्महाऊसवाल्याने विकायला काढलेली ती गाडी भावाने मुलाच्या हट्टापायी घेतली, आणि घेतल्यापासून तिने बागेतली निम्मी हमाली अंगावर घेतली. पावसात घाटीचा लाल चिखल असा होतो की बैलही पाय रोवून उभा राहतो. तिथून ही गाडी खताची पोती घेऊन सुरसुर वर जाते. हँडलवर एक बटण आहे. ते दाबले की पुढची चाकेही मागच्यांबरोबर ओढू लागतात. आणखी एक कळ आहे. तिने पुढची दोन चाकेही एकमेकांना जखडली जातात, आणि मग चारी चाके एकाच गतीने फिरतात.

वर जाऊन पाहिले, तर गाडी कातळावर अर्धवट वळून उभी होती. मागच्या ट्रेलरमध्ये गडग्यासाठी आणलेले जांभ्याचे चिरे होते. पुतण्या म्हणाला, "घाटीत अजून ओल होती म्हणून चारी चाकं लावली, वरची कळपण लावली. वर आलो, वळायला लागलो, तर हँडल वळेना. म्हटलं, जोर देऊ. जोर दिला आणि खट्‌कन आवाज झाला." मग जरा थांबून म्हणाला, "बाबांना अजून सांगितलं नाहीये."

दुसऱ्या दिवशी राजापुराहून मेस्त्री आला. त्याने पुढचे चाक उतरवले, आस बाहेर काढला आणि त्याचा सांधा माझ्यापुढे उघडून धरला. पोलादाची वाटी, तिच्यात सुपारीएवढ्या सहा गोळ्या, आणि त्या गोळ्यांना जागच्या जागी धरणारी एक जाळी. जाळीचे दोन तुकडे झाले होते. चाकाला ओरखडाही नव्हता. इंजिन हाक मारताच सुरू झाले.

"गुरुजी, गाडीचा दोष नाय," मेस्त्री म्हणाला. "चिखलातली गोष्ट कातळावर केली, एवढंच झालं."

मग त्याने खिळ्याने मातीत एक वळण काढून दाखवले. एक रेघ नव्हे; चार चाकांच्या चार रेघा. आतल्या चाकाची लहान, बाहेरच्याची मोठी. आणि पुढच्या चाकांच्या रेघा मागच्यांपेक्षा बाहेरून जाणाऱ्या. एक गाडी वळते असे आपण म्हणतो. वस्तुतः चार चाके चार निरनिराळ्या वाटा चालत असतात. मी गणित शिकवतो, म्हणून घरी येऊन पाटीवर हिशेब केला. दोन चाकांमधले अंतर एक मीटर धरले, तर गाडी पूर्ण उलट दिशेला वळेपर्यंत बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ३.१४ मीटर जास्त चालावे लागते. मौज अशी की वळण लहान घ्या की मोठे घ्या, हा फरक तेवढाच राहतो. मोठ्या वळणात तो लांबवर पसरतो, लहान वळणात एकदम अंगावर येतो. पण टळत नाही. एका गाडीला जोडलेली चाके दिशा बदलताना सारखे अंतर चालूच शकत नाहीत, हा भूमितीचा नियम आहे. त्याच्यावर कोणाची मर्जी चालत नाही.

मग चारी चाकांना एकाच गतीने फिरवले तर हा फरक जातो कोठे? जमीन ओली असेल तर तो चिखलात जातो. एखादे चाक किंचित घसरते, चिखल ते सोसतो आणि हिशेब मिटतो. वाळूही सोसते. या गाडीच्या टायरांत मोटारीसारखी तीसेक पौंड हवा नसते, पाचसात पौंडच असते; म्हणून थोडेसे टायरही सोसतात. पण खाली कोरडा कातळ असला की चाक घसरत नाही, जमीन हटत नाही. तेव्हा तो फरक चाकांना जोडणाऱ्या आसांत पीळ होऊन साठू लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. हँडल जड होते, गाडी अडखळल्यासारखी चालते, एवढीच खूण. चालवणाऱ्याला वाटते, जोर कमी पडतो आहे. तो आणखी जोर देतो. त्यातून हँडल पुरते वळवलेले असेल तर सांधा आधीच वाकड्या कोनात अवघडलेला असतो. मग जे मोडायचे ते मोडते. मेस्त्री तुकडे हातात खेळवीत म्हणाला, "चाकं कधी मोडत नाहीत हो गुरुजी. सांधा जातो."

त्या वाक्याने त्या रात्री मला झोप लागू दिली नाही. पण ते सांगण्याआधी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाहीतर माणसांनी एकमेकांना बांधून घेणे हेच वाईट, असे मी म्हणतो आहे असा समज व्हायचा.

चाकांना आपापल्या वेगाने चालू देणारी दातेरी चाकांची एक योजना आहे, तिला डिफरन्शिअल म्हणतात. ती सायकलींच्या दुनियेत कशी आली याची एक गोष्ट सांगतात. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी जेम्स स्टार्ली नावाचा सायकली बनवणारा कारागीर होता. त्याने दोघांनी शेजारी बसून चालवायचे एक वाहन केले. प्रत्येकाने आपल्या बाजूचे चाक आपल्या पायांनी फिरवायचे. एके दिवशी तो आपल्या मुलाला घेऊन निघाला. मुलगा तरुण, त्याच्या पायांत जोर अधिक. बापाला त्याची बरोबरी साधेना. गाडी बापाच्या बाजूला वळत वळत खड्ड्यात गेली. स्टार्लीने मुलाला 'हळू मार' म्हणून दटावले नाही, स्वतःही आणखी जोर लावला नाही. दोघांचा जोर एकत्र घेऊन तो दोन्ही चाकांना वाटून देईल आणि तरी चाकांना निरनिराळे फिरू देईल, अशी रचना त्याने शोधली. तिचे पेटंट १८७७ सालचे. बापलेकांच्या शक्तीतला फरक नाहीसा न करता त्यांना एका गाडीत बसवण्याची ही युक्ती मला कित्येक नीतिपाठांहून मोलाची वाटते.

पण या मोकळिकीलाही एक खोड आहे. एक चाक निसरड्यात गेले आणि दुसरे घट्ट जमिनीवर राहिले, तर निसरड्यातले चाक गरगर फिरत बसते आणि घट्ट जमिनीवरचे जागचे हलत नाही. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याची ताकद अशा वेळी वायाच जाते. तेव्हा चाकांना जखडावेच लागते. चिखलात 'ज्याने त्याने आपापल्या गतीने चालावे' हे तत्त्वज्ञान सांगणारा गाडीसकट तिथेच राहतो. म्हणजे प्रश्न एकी चांगली की मोकळीक चांगली, असा नाहीच. पायाखालची जमीन कोणती आहे, हा प्रश्न आहे. आणि ती बदलली हे ओळखायचे कोणी?

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची मला या संदर्भात आठवण होते. चारी चाकांनी ओढणारी गाडी सामान्य माणसाच्या ओळखीची झाली ती या जीपमुळे. ती लढाईसाठी जन्मली होती. चिखल, बर्फ, वाळू, खंदक हीच तिची वाट. तरीही चालकाच्या डोळ्यांसमोर तिच्यावर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असे, आणि कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढच्या चाकांची ओढ सोडवा, अशी ताकीद तिच्यावर होती. युद्ध चालू असताना सैनिकाला हे सांगावे लागले! कारण चारी चाकांनी ओढत जाणे अंगवळणी पडले म्हणजे माणसाला ते सोडवत नाही. गाडी अधिक भक्कम वाटते, आपण अधिक समर्थ वाटतो. चिखल मागे पडला हे डोळ्यांना दिसते. पण हात कळीकडे जात नाही.

आपल्या मुंबईचेच पाहा. युद्धकाळात घरांची टंचाई झाली आणि भाडी गोठवली गेली. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. ते त्या वेळी योग्यच होते. नाहीतर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. कायदा थोड्या मुदतीसाठी होता, पण मुदत वाढत राहिली, आणि त्याच्या जागी नवा कायदा अमलात यायला २००० सालचा मार्च संपावा लागला. मधल्या काळात दुरुस्तीलाही न पुरणारे भाडे येत राहिले. हे एकच कारण होते असे नव्हे. पण मालक मालकच राहिला, भाडेकरू भाडेकरूच राहिला, आणि जीर्ण होत गेली ती दोघांना जोडणारी इमारत. इथेही सांधाच गेला.

दुसऱ्यांचे दाखले देणे सोपे असते. आता माझे सांगतो.

वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, भाऊ अठराचा. बागेवर सोसायटीचे कर्ज होते आणि त्या वर्षी मोहोर करपला होता. मी शाळेत लागलो. भाऊ रत्नागिरीला एका गॅरेजात कामाला गेला. मी नियम केला: दोघांचा पगार एका डब्यात, खर्च एका वहीत, आणि वही माझ्याकडे. चप्पल घ्यायची तरी विचारून घ्यायची. भावाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. सात वर्षांत कर्ज फिटले. तो नियम केला नसता तर बाग गेली असती, हे मी आजही म्हणेन. तो चिखलच होता आणि चारी चाके लावूनच आम्ही त्यातून वर आलो.

पण कर्ज फिटल्यावर वही मी मिटली नाही. मला कारण विचारले असते तर मी म्हटले असते, घर एक राहिले पाहिजे. ते खोटे नव्हते. पण त्यात दुसरेही काही होते. वही हातात असलेल्या माणसाला घरात जो मान असतो तो मला आवडू लागला होता. भावाचे लग्न झाले, मुलगा झाला. त्याच्या वाटेला वळण आले होते आणि माझी वाट सरळ होती. त्याला काजूच्या कलमांची रोपवाटिका काढायची होती. त्याने आपल्याच पगारातले काही पैसे मागितले. मी म्हणालो, "एकाने पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी मागे राहायचं, असं आपल्या घरात चालणार नाही. पुढे जायचं तर सगळे मिळून जाऊ." किती थोर वाटले होते मला माझे ते वाक्य! पुढच्या वर्षी त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा अधिक जोराने. चार वर्षे असे चालले. घरात भांडण नव्हते. हँडल जड झाले होते, एवढेच. पाचव्या वर्षी भिंत उभी राहिली.

आम्हा दोघांचे काय बिघडले? तसे पाहिले तर काही नाही. त्याची रोपवाटिका नावारूपाला आली. माझी नोकरी चालू राहिली, दोन कादंबऱ्या छापून झाल्या. चाके शाबूत होती. मोडली ती आई. एक महिना माझ्याकडे, एक महिना त्याच्याकडे, असे तिचे जेवण आम्ही वाटून घेतले होते. इकडच्या चुलीवर असताना तिकडचे काही बोलायचे नाही, तिकडे असताना इकडचे नाही. महिना बदलण्याच्या दिवशी ती आपली कांबळ आणि चंबू घेऊन भिंतीला वळसा घालून अंगणातून जायची. दोन वर्षे तिने ते केले. डॉक्टरांनी तिच्या मृत्यूचे कारण हृदयविकार लिहिले, आणि ते खरेच असेल. पण मेस्त्रीच्या हातातली ती दुभंगलेली जाळी पाहिली तेव्हा मला तो चंबू आठवला.

एकीचा आग्रह धरणारे आपण बहुतेक असे समजतो की एकीची किंमत आपण देतो, किंवा जो ऐकत नाही तो देतो. खरे पाहता ओढणारे दोघे सहसा टिकून राहतात. किंमत देतो तो दोघांना धरून ठेवणारा: आई, सून, कधी एखादे मूल. त्यांचा दोष एवढाच की ते दोन्हीकडे जोडलेले असतात. म्हणून एखाद्या घरात, संस्थेत, गावात 'सर्वांनी एकाच चालीने चालले पाहिजे' असे कोणी ठणकावून सांगू लागला, तर ते योग्य की अयोग्य हे ठरवण्याची माझी कसोटी आता साधी आहे. खाली चिखल आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर घरातल्या सांध्याकडे पाहावे, आणि तो कोणत्या कोनात अवघडला आहे ते विचारावे. तो बोलणार नाही. आपणच वाकून पाहायचे असते.

मेस्त्रीने नवा सांधा बसवला आणि जाताना पुतण्याला चार गोष्टी बजावल्या. बटण दाबायचे ते चिखलात शिरण्याआधी, गाडी थांबवून. चाके गरगर फिरत असताना कधीही नाही, कारण फिरत्या चाकाला थांबलेले एकदम जोडले की तो हिसका दात्यांवर बसतो. चारी टायर ठरल्या मापाचे आणि हवा सांगितली तेवढीच, नाहीतर सरळ रस्त्यावरही चाके एकमेकांशी भांडतात. हँडल पुरते वळलेले असताना जोर द्यायचा नाही. कठीण जमीन आली की कळ सोडायची.

"आणि सोडूनही सुटली नाही तर?" पुतण्याने विचारले.

"होतं तसं," मेस्त्री म्हणाला. "आत पीळ भरलेला असला की बटण बंद केलं तरी दाते सोडत नाहीत. मग पुढं रेटू नको. हँडल सरळ कर आणि हळूच थोडी मागं घे. पीळ निघाला की आपोआप सुटतं."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते सुंभाचे झाले; त्याला मागे येता येत नाही.

त्या रात्री मी ट्रंकेतून जुनी वही काढली. कर्जाचा शेवटचा हप्ता ज्या पानावर होता तिथपासून पुढची चार वर्षे ओळीने वाचली. भावाचा पगार, घरखर्चातला त्याचा वाटा, आणि माझ्या हुकमाने डब्यात राहिलेली शिल्लक, असा हिशेब पहाटेपर्यंत केला. रक्कम आजच्या मानाने मोठी नव्हती. त्या काळी तिच्यात कलमांची एक रोपवाटिका उभी राहिली असती.

पाडव्याच्या सकाळी वही आणि पैशांचे पाकीट घेऊन मी अंगणातून, भिंतीला वळसा घालून, आई जायची त्याच वाटेने गेलो. भाऊ ओटीवर चहा घेत होता. पुतण्याने त्याला गाडीचे सांगितले होते की नाही, मला ठाऊक नव्हते. मी पायरीवर थांबलो आणि घरून पाठ करून आलेले वाक्य मला एकदम आठवेना. शेवटी म्हणालो, "कर्ज फिटल्यानंतरची चार वर्षं तुझी होती. मी ती धरून ठेवली. चुकलो."

त्याने वहीकडे पाहिले, पाकिटाकडे पाहिले आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग कप खाली ठेवून म्हणाला, "दादा, उन्हात कशाला उभा आहेस? वर ये. वही मागाहून बघू."

भिंत अजून आहे. ती पाडावी असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. दोन चुली झाल्या आहेत, त्या सोयीच्या आहेत, आणि दोन्ही घरांच्या वाटा आता निराळ्या वळणांच्या आहेत. पण या पावसाळ्यात घाटीवर दरड आली तेव्हा आम्ही दोघे आणि पुतण्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका टिकावाने, एका पहारीने माती ओढत होतो, आणि काम आटोपल्यावर आपापल्या उंबरठ्यात शिरलो. आई असती तर तिने दोन्हीकडे पाय शेकायला गरम पाणी ठेवले असते. नवा सांधा बसवता येतो तो गाडीला. हे मी विसरलेलो नाही.

पुतण्या आता सड्यावर पोहोचला की हात आधी कळीवर नेतो. खालून आम्हाला ते दिसत नाही. पण वर गेल्यावर गाडीचा आवाज हलका होतो, तेवढ्यावरून कळते.